'नोव्हेंबर रेन'मधली नवरी मरते कशाने?

आडवाटेचा
मंडळी, भाच्याला सध्या गिटारचं वेड लागलंय. म्हणून त्याला गन्स अँड रोझेस या रॉक बँडचं 'नोव्हेंबर रेन' व्हिडिओसकट दाखवलं. पोरगं भारावलं खरं, पण गाणं संपायच्या आत उलटतपासणी सुरू. लग्नात पाऊस येतो, पाहुणे सैरावैरा पळतात आणि मिनिटाभरात नवरी शवपेटीत! "मामा, पावसाने माणूस मरतो का?" आता काय सांगू? शिवाय बँडचा गिटारवादक स्लॅश चर्चमधून बाहेर येऊन उघड्या माळावर सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) वाजवतो, तर गिटारला वायरच नाही. आतून चर्च भव्य, बाहेरून बघावं तर जेमतेम खोलीएवढं. आणि तो ऑर्केस्ट्रा खरा आहे की नुसती सजावट?
जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. "गाणं ऐक, डोकं लावू नकोस" हे सांगून झालंय, ते चाललं नाही.

निमकी
नवरीचं जाऊ दे, त्या केकचं काय? चार थेंब पडले तर गडी टेबलावरून सूर मारून थेट केकमध्ये! कशासाठी? इतकी वर्षं मला तोच प्रश्न पडलाय. (पॉपकॉर्न घेऊन बसलेय.)

सातवा_फ्रेट
धागा बघून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

तुमच्या भाच्याचं बरोबर आहे. या व्हिडिओत जे दिसतं ते ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते दिसत नाही. ऑर्केस्ट्राच घ्या. पडद्यावर व्हायोलिनवाल्यांच्या रांगा आहेत, पण १९९१च्या 'यूज युअर इल्यूजन १' या अल्बमवर जे ऐकू येतं ते सगळं सिंथेसायझरवर केलेलं आहे, आणि ते अ‍ॅक्सल रोझ या बँडच्या गायकाने स्वतः बसून रचलंय. खरा पन्नास जणांचा ऑर्केस्ट्रा या गाण्याला लाभला तो २०२२मध्ये, अल्बमचा मोठा संच निघाला तेव्हा. दोन्ही ऐकून बघा. खरी तंतुवाद्यं नक्कीच जास्त श्रीमंत वाटतात, पण मला जुनंच आवडतं. त्या सिंथच्या थोड्या बनावट आवाजात एका माणसाचा हट्ट ऐकू येतो. हा हट्ट जुना होता. बँडचा पहिला अल्बम यायच्याही आधी, १९८६मध्ये, या गाण्याचा पियानो डेमो झालेला होता.

चर्चचं कोडं सोपं आहे. बाहेरचं चॅपल न्यू मेक्सिकोतलं, आतलं चर्च लॉस एंजेलिसचं. दोन्हींचा मेळ घालायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पैसे नव्हते म्हणावं तर तेही नाही, त्या काळी दहा लाख डॉलरच्या वर खर्च केलाय. स्लॅशच्या जोडीचा दुसरा गिटारवालाही बदललाय बरं का! अल्बमवर इझी स्ट्रॅडलिन होता. तो १९९१च्या अखेरीस बँड सोडून गेला, त्यामुळे व्हिडिओत गिल्बी क्लार्क दिसतो.

आता वायर. वायर असती तर तो शॉट मेला असता. आधी काय चाललंय बघा. लग्न लागतंय, अंगठी सापडत नाही, स्लॅश खिसे चाचपतो, शेवटी बँडचा बासवादक डफ बोटातली काढून देतो, सगळं कसं दाटीवाटीचं. मग स्लॅश पाठ फिरवून बाहेर पडतो आणि एकदम मोकळं आकाश, धूळ, वारा. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो आणि तो पाय फाकवून त्याची लेस पॉल गिटार वाजवत उभा. त्या वेळी गिटार काय करतेय ते कान देऊन ऐका. बोटांची कसरत जवळजवळ नाहीच. एक सूर घेतलाय, ताणलाय, वर नेऊन थांबवलाय, मग सावकाश सोडलाय. गायक जिथे श्वास घेईल तिथेच हा थांबतो. सोलो अख्खा गुणगुणता येतो, आणि रॉकमधल्या किती सोलोंबद्दल असं म्हणता येईल? चर्चमध्ये, शंभर पाहुण्यांसमोर तो वाजवला असता तर तो 'कार्यक्रम' झाला असता.

१९९२च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं ते मला अगदी रास्त वाटतं. पटकथेचं बक्षीस असतं तर मात्र मी निमकीताईंच्या शेजारी पॉपकॉर्न घेऊन बसलो असतो. गोष्ट भंपकच आहे.

कुंदा_म
सातवा_फ्रेट, सोलोबद्दल +१, पण गोष्ट भंपक म्हणालात तिथे भांडण.

व्हिडिओ सुरू कुठे होतो? नवरदेव झालेला अ‍ॅक्सल अंधाऱ्या खोलीत गोळ्या घेतो आणि झोपतो. पुढचं सगळं त्या झोपेतलं आहे, म्हणून आतलं चर्च मोठं आणि बाहेरचं छोटं हे मला खटकतच नाही. स्वप्नात घरं अशीच असतात. शेवटी श्रेयनामावलीत लिहिलंय की हे डेल जेम्सच्या 'विदाउट यू' या कथेवर आधारित आहे. त्या कथेतली मुलगी आत्महत्या करते. दिग्दर्शक अँडी मोराहनने ते पडद्यावर सांगितलं नाही, पण खुणा आहेत. शवपेटीचा शॉट थांबवून बघा, चेहऱ्याच्या मधोमध आरसा उभा केलाय. दिसतो अर्धाच चेहरा, उरलेला प्रतिबिंबाने पुरा होतो. दुसरी बाजू दाखवण्यासारखी राहिलेली नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. नवरीने फेकलेला गुच्छ पुढे कुठे जाऊन पडतो तेही बघा. पावसाने कोणी मरत नाही हो, पण पाऊस आला तेव्हा उधळलेलं लग्न आणि पुढची अंत्ययात्रा यांच्यामध्ये जे घडलं ते त्याला आठवायचंच नाहीये.

सातवा_फ्रेट
आरशाचा मुद्दा मान्य, बिनशर्त. तरी जे समजायला शेवटची पाटी वाचावी लागते आणि कथा शोधावी लागते, ते व्हिडिओने सांगितलं असं मी म्हणणार नाही. खुद्द स्लॅशनेही आपल्याला ही गोष्ट कळली नसल्याचं बोलून दाखवलंय. 'डोन्ट क्राय', हे, आणि 'एस्ट्रेंज्ड' अशी या बँडच्या तीन व्हिडिओंची त्रयी म्हणतात. तिसऱ्यात उत्तर मिळेल म्हणून बसलात तर डॉल्फिन येतात. नवरी झालेली स्टेफनी सीमोर त्यात नाहीच, कारण तोवर तिचं आणि अ‍ॅक्सलचं मोडलं होतं.

निमकी
डॉल्फिन!! केक परवडला.

आडवाटेचा
कुंदाताई, आरसा भाच्याला दाखवला. बराच वेळ गप्प होता, मग "परत लाव" म्हणाला. पण आता त्याला सोलो शिकायचाय, तोही शेवटचा, पियानोवर चढून वाजवतो तो.

सातवा_फ्रेट
शेवटच्यापासून नको. तिथे गाणं मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे उजळ सुरावटीतून उदास सुरावटीत उतरतं, चाल पालटते, आणि वेगाच्या नादात पोरं नुसती खरडतात. माळावरचा आधी बसवू द्या. सहाही तारा हाफ स्टेप (अर्धा सूर) खाली लावायला सांगा, नाहीतर रेकॉर्डबरोबर वाजवताना जुळणार नाही. त्याचा फायदाही होतो, तारा सैल पडतात आणि बेंड (तार ताणून सूर चढवणं) नवशिक्या बोटांना झेपतात. बेंड सुरावर पोचतोय का हे तपासायला तोच सूर दोन फ्रेट (गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्या) पुढे आधी साधा वाजवायचा, कानात बसवायचा, मग ताणायचा. सोलो आधी तोंडाने गाऊन घ्या. जिथे गाता येत नाही तिथे बोटंही अडणार. आणि मागे मॅट सोरमचे ड्रम ऐकायला सांगा, तोच एक फिल (ओळींमधली जागा भरणारा ड्रमचा तुकडा) गाणंभर पुन्हा पुन्हा येतो. भाचा तो मोजत राहिला तर लय चुकणार नाही.

पियानोवर चढायची परवानगी मामाने द्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.