शब्दचर्चा : सीडी प्लेअरचा आवाज ‘उबदार’ असतो का?

विचारणा

आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात काही महागडे सीडी प्लेअर शेजारीशेजारी ठेवून ऐकायचं ठरलंय. त्याची टिपणं मला मराठीत लिहायची आहेत. इंग्रजी परीक्षणांतले शब्द तसेच उचलले तर ‘उबदार आवाज’, ‘तेजस्वी स्वर’ असली वाक्यं होतात. उबदार म्हटलं की दुलई आठवते, सारंगी नाही. वॉर्म, ब्राइट, ग्रेनी, साउंडस्टेज (कोणतं वाद्य समोर कुठे बसलंय असं वाटतं, ते चित्र) यांना आपल्याकडे काय म्हणावं? आणि ‘साउंड क्वालिटी’ला ‘ध्वनिगुणवत्ता’ चालेल का?

प्रतिसाद

‘ध्वनिगुणवत्ता’ माहितीपत्रकात ठीक आहे, बोलण्यात ती येत नाही. गाण्याबद्दल लिहिताना आपण ‘आवाजाचा पोत’ म्हणतो, तोच इथे घ्या. वॉर्मला ‘गोल’ किंवा ‘भरीव’, ब्राइटला ‘चढा’, ग्रेनीला ‘दाणेदार’. झालं की!

प्रतिसाद

‘गोल’ आणि ‘भरीव’ पटले. बाकी दोन मात्र घेऊ नका, अर्थाचा घोटाळा होईल.

‘दाणेदार’ ही आपल्याकडे शाबासकी आहे. दाणेदार तान म्हणजे द्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा, टपोरा ऐकू येतो ती. इंग्रजीतलं ‘ग्रेनी’ हा दोष आहे, त्याला ‘खरखरीत’ म्हणा. नाहीतर ज्या प्लेअरला नावं ठेवायचीत त्याचंच कौतुक छापलं जाईल.

‘चढा’ची अडचण आणखी मोठी. आपण ‘आवाज चढव’ म्हणतो तेव्हा तो मोठा करायला सांगतो, आणि ‘चढी पट्टी’ म्हणतो तेव्हा उंच स्वर. प्लेअरच्या तुलनेत नेमका हाच फरक सांभाळायचा असतो. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारणपणे २ व्होल्ट धरतात, पण सगळे प्लेअर तितकंच देतात असं नाही. एखादा २.३ व्होल्ट देत असेल तर तो सुमारे १.२ डेसिबलने मोठा वाजतो. एवढ्याशा फरकात ‘हा मोठा वाजतोय’ असं कुणाला वाटत नाही. ‘हा जास्त मोकळा, जास्त जिवंत’ असं वाटतं, आणि तसंच लिहिलं जातं. म्हणून आधी मीटर लावून पातळ्या जुळवा, ०.१ डेसिबलच्या आत आणा, मगच शब्द शोधायला बसा. आणि टिपणात ‘मोठा’ हा शब्द फक्त पातळीसाठी राखून ठेवा. वरच्या पट्ट्यातला आवाज टोचत असेल तर ‘चिरका’, आणि टोचत नाही पण ठळक आहे तर ‘खणखणीत’.

विचारणाऱ्याकडून

दाणेदारचं ध्यानातच आलं नव्हतं. मग तंबोऱ्यावर ऐकताना ‘या प्लेअरला जवारी छान आहे’ असं लिहिलं तर?

प्रतिसाद

मी तंबोरा लावणाऱ्यांतला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जवारी तंबोऱ्याची असते. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत नेला की एका जागी तार घोडीच्या पाठीला हलकेच घासत कंप पावू लागते, वरचे उपस्वर उमलतात आणि साध्या ‘टुंग’ची भरलेली, लांबणारी आस होते. दोरा केसभर हलला तरी ती गेली. गायकाच्या आवाजालाही आपण जवारी आहे म्हणतो, कारण ती त्याच्या गळ्यात असते. प्लेअरला गळा नाही आणि घोडीही नाही. रेकॉर्डिंगमध्ये जवारी असेल तर ती त्याच्यातून येते, पुसट होते किंवा झाकली जाते. माझं म्हणणं एवढंच, की विशेषणं गाणाऱ्याला आणि वाद्याला द्या, यंत्राला क्रियापदं द्या. ‘जवारी स्वच्छ येते’, ‘आस अर्ध्यावर तुटते’, ‘डग्ग्याचा घुमारा पसरतो’. असं लिहिलं की नेमकं कुठे कान द्यायचा ते वाचणाऱ्याला कळतं, आणि तीच जागा त्याला स्वतः ऐकून पाहता येते. ‘उबदार’ वाचून कुठे ऐकायचं?

शब्दामागचं कारण शोधायची सवयही लावून घ्या. काही महाग प्लेअर मुद्दाम ओव्हरसॅम्पलिंग (सीडीवरच्या आवाजाच्या नमुन्यांच्या मधे गणिताने आणखी नमुने भरणं) करत नाहीत आणि त्यांचे चाहते त्यांना ‘गोल’ म्हणतात. तो गोलवा मोजता येतो. ४४.१ किलोहर्ट्झची सीडी अशी वाजवली आणि पुढे भरपाई केली नाही, तर १० किलोहर्ट्झला आवाज पाऊण डेसिबलने आणि २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडा जास्त उतरतो. जवारीचे वरचे उपस्वर तिथेच फिके पडायला लागतात. कुणाला ते आवडेल, आवडू द्या, पण टिपणात ‘वरचा भाग मवाळ होतो’ असंही यायला हवं.

याच्या उलट ‘चिरका’. सुरुवातीच्या काळातल्या काही सीड्यांवर प्री-एम्फसिस असे, म्हणजे वरचा पट्टा मुद्दाम उचलून नोंदवलेला, अगदी टोकाला जवळपास १० डेसिबलने. प्लेअरने तो परत खाली आणायचा असतो. ते झालं नाही तर तीच सीडी कान कापते, आणि दोष प्लेअरच्या पोताचा नसून राहून गेलेल्या त्या एका पायरीचा असतो.

प्रतिसाद

साउंडस्टेजचं राहिलंच. ‘बैठक’ कशी वाटते? सोनीचा सीडीपी-१०१ १९८२ साली जपानात आला, त्यात डाव्या-उजव्या चॅनेलला मिळून एकच डॅक (सीडीवरच्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारा भाग) होता. त्यामुळे बैठक सरकायची, असं वाचलंय.

प्रतिसाद

‘बैठक’ आपल्याकडे खुद्द मैफलीला म्हणतात. ‘मांडणी’ रागाची असते. ‘जागा’ म्हणाल तर ती गवई घेतो. एकही शब्द रिकामा नाही! मला वाटतं इथे नाम शोधत बसूच नये. ‘तबला उजवीकडे, गाणाऱ्याच्या जरा मागे ऐकू येतो’, ‘वाद्यं सुटी वाटतात’, ‘सगळं मधे गोळा होतं’ असं सरळ लिहा.

आणि त्या सोनीबद्दल: एकच डॅक आलटून पालटून वापरल्यामुळे दोन चॅनेलमध्ये साधारण ११ मायक्रोसेकंदांचं अंतर पडे, हे खरं. पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून ४ मिलिमीटरही जात नाही. खुर्चीत मान किंचित कलली तरी त्याहून जास्त फरक पडतो. फिलिप्सचा सीडी १०० तर १४ बिटांचा डॅक आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग घेऊन आला. वाट पूर्ण निराळी, आणि दोघांचीही तेव्हा तारीफ झाली.

विचारणाऱ्याकडून

मग टिपणाचा नमुना असा करते, चुकत असेल तर सांगा:

‘पातळी जुळवलेली. पहिला प्लेअर: तंबोऱ्याची जवारी स्वच्छ येते, पंचमाची आस पुढच्या सुरापर्यंत टिकते. डग्ग्याचा घुमारा आटोपशीर. दुसरा: जवारी मवाळ होते, गळा जास्त भरीव वाटतो, द्रुत तानेचे दाणे एकमेकांना चिकटतात. तबल्याची जागा दोन्हींत तीच.’

प्रतिसाद

उत्तम. फक्त ‘तबल्याची जागा’च्या ऐवजी ‘तबला दोन्हींत तिथेच’ करा, आणि कुठला प्लेअर वाजतोय हे लिहिणाऱ्याला माहीत होतं की नाही, तेही वर टाका.