आधी घर द्यायचं की आधी माणूस 'लायक' होऊ द्यायचा?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा (चर्चेचा प्रस्ताव)

दोन वर्षं झाली, दर शनिवारी मी एका रात्र निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ येतात. झोपताना चपला उशाखाली ठेवतात, पट्ट्यांतून सुतळी ओवतात आणि तिचं दुसरं टोक मनगटाला बांधतात. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "चपला गेल्या तर सकाळी कामावर कोण घेईल? अनवाणी माणसाकडे कुणी बघत नाही." बंडीला आतून शिवलेल्या खिशात त्यांचे कागद असतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. ते भिजले की माणूस सरकारदरबारी संपलाच.

या माणसाला आपण सांगतो की आधी निवाऱ्यात नीट राहा, दारू सोड, औषधं घे, शिस्त दाखव, मग घराचं बघू. बहुतेक शहरांत हीच जिन्याची पद्धत आहे. एक पायरी चुकली की पुन्हा रस्ता. पण रोज रात्री चपला राखत अर्धवट झोपणारा माणूस उपचार पूर्ण करणार कसे?

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा जिना उलटा केला. मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना आधी घर दिलं, अटी न घालता. उपचार आणि मदत त्याच्या जोडीला, हवी तेव्हा. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. तिथे १९८७ मध्ये सुमारे १८,००० बेघर होते, २०२३ च्या मोजणीत साडेतीन हजारांच्या आत. हेलसिंकीत सुमारे २५० खाटांचा एक जुना निवारा नूतनीकरण करून ८० स्वतंत्र घरांचा केला गेला. राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार, दाराला त्याची स्वतःची किल्ली. भाडं त्यालाच भरावं लागतं, कमी पडेल तिथे सरकारी भत्ता.

माझं मत स्पष्ट आहे. निवाऱ्यांवर वर्षानुवर्षं ओतला जाणारा पैसा घरांकडे वळवावा. तुम्हाला काय वाटतं?

मोजपट्टी

तळमळ पोचली, पण हिशेब पटला नाही.

एक तर फिनलंडची निम्म्याहून जास्त घट या धोरणाच्या आधीच झाली होती. २००८ पर्यंत आकडा आठ हजारांच्या आसपास आला होता, आणि तो आला सार्वजनिक घरं बांधून आणि विकत घेऊन. त्यातही हेलसिंकीच्या हद्दीतली बहुतांश जमीन महापालिकेच्याच मालकीची. ज्या शहराकडे स्वतःची जमीन नाही, त्याने 'आधी घर' म्हणायचं म्हणजे घर आणायचं कुठून?

आता प्रमाण बघा. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. भारताच्या २०११ च्या जनगणनेत १७.७३ लाख बेघर मोजले गेले, त्यातले ९.३८ लाख शहरांत. ती मोजणीसुद्धा २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची. पुलाखाली, मोठ्या पाइपांत, फलाटांवर, देवळांच्या आवारात जे सापडले ते. बाकीचे निसटलेच असणार.

एवढ्यांना घरं बांधून होईपर्यंत आज रात्री थंडीत कुडकुडणाऱ्याने काय करायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांसाठी सांगितलं होतं, दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने उघडा. आधी तेवढं तरी होऊ द्या. निवाऱ्याचा पैसा घराकडे वळवला तर आजचा माणूस उघड्यावर पडेल आणि घर पाच वर्षांनी दुसऱ्याच कुणाला मिळेल.

आणखी एक, हे कुणाला आवडणार नाही. एका खोलीत सहा जण राहून, पोटाला चिमटा काढून वर्षानुवर्षं भाडं भरणारं कुटुंब घराच्या यादीत ताटकळतं. त्यांना ओलांडून दुसऱ्याला बिनशर्त घर दिलं, तर त्या कुटुंबाला काय तोंड दाखवणार?

पायवाट

माझी आई चाकाच्या खुर्चीवर असते. पदपथावर संसार मांडलेला असला की तिला गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरावं लागतं. गेल्या महिन्यात एका दुचाकीचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला. मला त्या लोकांचा राग नाही, पण पदपथ चालण्यासाठी आहे हे कुणीतरी ठामपणे म्हणायला हवं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात शहरांना सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांवर दंड लावायची मुभा दिली. ते क्रूर वाटेल, पण नियमच नसेल तर शहर कुणाचंच राहत नाही.

उंबरठा

@पायवाट, तुमच्या आईंना पदपथ मोकळा मिळायलाच हवा, यात वादच नाही. प्रश्न आहे दंडाने तो मोकळा होतो का. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दंड लावला की तो भरला जात नाही. मग वॉरंट, मग पोलिसांत नोंद. ती नोंद बघून उद्या त्याला ना कुणी नोकरी देत ना भाड्याने खोली. म्हणजे रस्त्यावरून उठायची उरलीसुरली वाटही आपणच बुजवतो. कुणी झोपू नये म्हणून बाकांना मधे लोखंडी दांडे बसवले की माणूस पुढच्या गल्लीत सरकतो आणि तिथल्या कुणाच्या तरी आईला खाली उतरावं लागतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पदपथावर कायम राहायचा हक्क मात्र दिला नाही. मला दोन्ही मान्य आहे. उठवा, पण कुठे जायचं ते आधी सांगून उठवा.

सांजवारा

इतका वेळ फक्त वाचत होतो. आता लिहितो, कारण सगळे रस्त्यावर पोचलेल्यांबद्दलच बोलताय.

सहा वर्षांपूर्वी मी अकरा रात्री रेल्वेच्या प्रतीक्षागृहात काढल्या आहेत. दारू नाही, वेड नाही. आजारपणात नोकरी गेली, तीन महिन्यांचं भाडं थकलं, घरमालकाने कुलूप बदललं. दिवसा मुलाखतींना जायचो, सार्वजनिक स्वच्छतागृहात दाढी करून. अर्जावर 'सध्याचा पत्ता' हा रकाना आला की हात थांबायचा. बाराव्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याने खोलीची अनामत भरायला पैसे दिले म्हणून सुटलो. त्याच्याकडे नसते तर मी इथे लिहीत नसतो.

त्या रात्रींत कळलं की माझ्यासारखे थोड्या दिवसांचे बेघर बरेच असतात. ते दिसत नाहीत, कारण ते न दिसण्याचीच धडपड करतात. त्यांना घरकुल नको आणि समुपदेशकही नको. भाडं थकल्यावर एकदा मिळणारी उसनवारी आणि घराबाहेर काढण्याआधी कायद्याने मिळणारी मुदत, एवढं पुरतं. शिवाय इस्पितळ, तुरुंग, बालगृह इथून माणसं तारीख ठरवून बाहेर पडतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातलं पोर कुठे जाणार हे कितीतरी आधी माहीत असतं. तिथेच पकडा ना. वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्यांसाठी उंबरठा म्हणतात तसं घर द्या, त्यांची संख्या तुलनेने कमी आहे.

मोजपट्टी

@सांजवारा, हे मला पटलं. 'बेघर' हा एकच गठ्ठा धरून मी हिशेब मांडत होतो, ते चुकलं. दोन्ही गट वेगळे काढले तर खर्चाचं चित्र बदलतं.

तरी एक आक्षेप कायम. 'आधी घर स्वस्तच पडतं' असं सांगून हे धोरण विकू नका. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला. घर टिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला, हे खरं. पण खर्च बऱ्यापैकी भरून निघाला तो इस्पितळं आणि तुरुंगांच्या सर्वाधिक फेऱ्या मारणाऱ्यांच्या बाबतीत. व्यसनही आपोआप सुटलं नाही.

उंबरठा

मान्य. मी स्वस्त म्हटलं नव्हतं, पण लोक म्हणतात आणि मग निराश होतात. फिनलंडमध्येही २०२४ अखेरच्या मोजणीत आकडा पुन्हा वाढला, घरभत्त्यात कपात झाल्यावर. घर एकदा देऊन मोकळं होता येत नाही, हे मलाही गिळावं लागलं.

निवाऱ्यांचा पैसा वळवण्याबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेते. घरं होईपर्यंत निवारे लागणारच. पण ते असे नकोत. आमच्याकडे नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, म्हणून जोडपी येतच नाहीत. सकाळी सहाला सगळ्यांना बाहेर काढतात, रात्रपाळी करून आलेल्यालाही. मग रिकाम्या खाटा दाखवून कुणीतरी लिहितं, 'मागणी नाही'.

मोजपट्टी

सामान ठेवायला कुलपाचे खण किती आहेत तुमच्याकडे?

उंबरठा

एकही नाही. चाळीस खाटा आहेत. दोनदा लेखी मागितले, उत्तर आलं की तरतूद नाही.

सांजवारा

मापं पाठवा. माझा भाऊ लोखंडी कपाटं बनवतो. चाळीस एकदम जमणार नाहीत, दहापासून सुरुवात करू.