भर मे महिन्यात ‘गार लागतंय’ : डिमेन्शिया

वऱ्हाडी :
सासूबाई, वय ७८, अल्झायमर. बाहेर ४३ अंश, तरी दुपारी ‘गार लागतंय’ म्हणून स्वेटर आणि गोधडी मागतात. थर्मामीटर काखेत ९७.४. अंग गरमच, फक्त तळपाय गार. अल्झायमरसाठी डोनेपेझिल १० आणि बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल ५० चालू आहे. स्वेटर काढला की चिडतात. काय तपासावं?

परिचारिका :
आधी नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. या दोन्ही गोळ्या नाडी मंद करतात. शिवाय अ‍ॅटेनोलॉलने हातपाय गार पडतात. नाडी ५० च्या खाली असेल किंवा उठताना चक्कर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद करू नका, अ‍ॅटेनोलॉल एकदम तोडलं तर बीपी उसळतं. रक्तात टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ जीवनसत्त्व बघा. मधुमेहाची औषधं असतील आणि गार घाम आला, तर आधी साखर. ७० च्या खाली म्हणजे कमी.

सावली :
रिपोर्ट चांगले आले तरी तक्रार राहू शकते. गार-गरम ठरवतो मेंदू, आणि या आजारात तिथेच घोळ होतो. कधी शब्दही चुकतो : ‘गार लागतंय’ म्हणजे भूक, लघवी किंवा नुसती भीती. चार दिवस वहीत लिहा : किती वाजता म्हणाल्या, शेवटचं कधी खाल्लं, लघवी कधी झाली, कूलर चालू होता का. बऱ्याचदा कूलरचा ओला झोत थेट पायांवर येत असतो. पलंग फिरवा, कूलर बंद करू नका.
स्वेटर हिसकावू नका, वाद तर मुळीच नको. मांडीवर धुवट सुती लुगड्याची घडी द्या, पायात सैल मोजे, मग स्वेटर हळूच नजरेआड करा. या उन्हाळ्यात गोधडीखाली उष्माघात होऊ शकतो, आणि तहान लागल्याचंही त्या सांगणार नाहीत.

वऱ्हाडी :
नाडी ४८ भरली, दोनदा मोजली. डॉक्टरांना फोन लावतेय. तोवर पायाला गरम पाण्याची पिशवी चालेल?

परिचारिका :
पिशवी नको. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते आणि त्या ‘चटका बसला’ म्हणणारही नाहीत. मोजे पुरेत.
आणि एक. अचानक कुडकुडू लागल्या, जास्त गोंधळल्या तर लघवीचा किंवा दुसरा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी ताप फारसा चढत नाही. रोजच्या आकड्यापेक्षा २ फॅरनहाइट वर गेला तरी तो ताप समजा. ९५ च्या खाली उतरला तर थेट दवाखाना.