सिस्टर-इन-लॉ म्हणजे नेमकी कोण?? माणसांबद्दल इंग्रजीत बोलताना गाडी अडते

अडखळ_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर ऑफिसचं इंग्रजी मला येतं, म्हणजे मेल, रिपोर्ट, डेडलाइन वगैरे, त्यात काही अडत नाही, पण माणसांबद्दल बोलायची वेळ आली की बोंब. परवा घरून व्हिडिओ कॉल होता, मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि मागून माझी जाऊ कपड्यांची बादली घेऊन गेली. पलीकडच्या बाईंनी सहज विचारलं ही कोण, मी म्हटलं सिस्टर-इन-लॉ. त्या म्हणाल्या अच्छा, नवऱ्याची बहीण. म्हटलं नाही. मग भावाची बायको? नाही हो, नवऱ्याच्या भावाची बायको. त्या दोन सेकंद गप्प, मग 'ओके, सो... सिस्टर-इन-लॉ' असं म्हणून हसल्या. तोवर बाकीचे सगळे जॉइन झालेले आणि माझी वंशावळ ऐकत बसलेले.

दुसरा किस्सा याहून वाईट. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीची ओळख करून द्यायला चार ओळी लिहायच्या होत्या. मी अगदी कौतुकानं लिहिलं, 'शी इज सिंपल अँड होमली'. आमच्या वरिष्ठांनी ती ओळ गुपचूप काढली आणि मला वेगळा मेसेज केला की हे तिला दाखवू नकोस. का ते काही सांगितलं नाही.

मला याद्या पाठ होत नाहीत, दोनदा करून झाल्यात. नात्यांचे आणि माणसांच्या स्वभावाचे शब्द नीट वापरायला कसे शिकलात ते सांगा प्लीज. आणि होमलीमध्ये काय एवढं वाईट आहे??

शब्दांचा_हमाल
भाषांतर करून पोट भरतो, त्यामुळे या सिस्टर-इन-लॉनं माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं कुणीच नाही. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, सगळ्या एकाच पोत्यात. दीर, मेहुणा, साडू, बहिणीचा नवरा हे दुसऱ्या पोत्यात. व्याही-विहिणींना तर पोतंच नाही, 'माझ्या मुलीचे सासू-सासरे' असं लांबलचक बोलावं लागतं. स्पॅनिशमध्ये मात्र व्याह्याला कोन्सुएग्रो असा सुटसुटीत शब्द आहे, म्हणजे अख्खं युरोप काही याबाबतीत गरीब नाही.

यावर माझा उपाय असा की शब्द शोधायचा नाही, वाट सांगायची. 'माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ'. झालं. इंग्रज माणूससुद्धा हेच करतो, त्याला नेमकं सांगायचं असलं तर. तुम्ही आधी पोतं दाखवलं आणि मग त्यातला बटाटा शोधायला लावलात म्हणून गोंधळ झाला.

गंमत म्हणजे इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत मामाला 'एआम' आणि काकाला 'फॅडेरा' असे वेगळे शब्द होते, मावशी आणि आत्याही वेगळ्या होत्या. 1066 मध्ये नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून बसले, त्यांच्या फ्रेंचमधून पुढे अंकल आणि आंट आले आणि ही सगळी मंडळी हद्दपार झाली. त्यातही अंकलचं लॅटिन मूळ पाहिलं तर अर्थ फक्त मामा, आणि आंटचं मूळ म्हणजे फक्त आत्या! नेफ्यूचं मूळ 'नेपोस', त्याचा अर्थ नातू किंवा पुतण्या-भाचा, आणि हा आपल्या संस्कृत नप्तृचा भाऊबंद, ज्यातून आपला नातू आला. म्हणजे नातू आणि नेफ्यू एकमेकांचे लांबचे कझिन लागतात.

कझिनवरून आठवलं, 'कझिन ब्रदर' म्हणू नका, नुसतं कझिन पुरतं, मुलगा की मुलगी ते पुढच्या ही-शीमधून कळतंच. आणि वडिलांचा चुलतभाऊ म्हणजे सेकंड कझिन नव्हे. तो 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड', एक पिढी सरकलेला म्हणून रिमूव्ह्ड. त्याची मुलं तुमची सेकंड कझिन. एवढं मात्र बोलण्यात कुणी म्हणत नाही, 'माय डॅड्स कझिन' म्हणून मोकळे होतात.

उगाच_वाद
कझिन ब्रदर का म्हणू नये पण? कोट्यवधी लोक म्हणतात, एकमेकांना कळतं, मग ते इंग्रजीच झालं ना. को-ब्रदर पण तसंच. साडूसाठी तिकडे शब्द नव्हता, आपण बनवला, उलट त्यांनी आभार मानायला पाहिजेत.

शब्दांचा_हमाल
@उगाच_वाद आपापसात खुशाल म्हणा, मीही म्हणतो. पण समोरच्यानं 'कझिन की ब्रदर, एक काहीतरी ठरवा' असा चेहरा केला तर आभार मानायला त्यालाच सांगा :)

मास्तरीणबाई
होमलीचं उत्तर आधी देते नाहीतर ताईंना झोप लागायची नाही. अमेरिकन इंग्रजीत माणसाला होमली म्हटलं की दिसायला बेताची, आणि बेताची हेसुद्धा मी सौम्य करून सांगतेय. ब्रिटिश इंग्रजीत तो शब्द जागेसाठी चालतो, घरगुती, उबदार वाटणारी जागा, आणि माणसासाठी वापरला तरी तिथे तो एवढा बोचत नाही. सिंपलचंही तसंच, आपण साधीसुधी या अर्थानं म्हणतो, त्यांच्या कानाला डोक्यानं जरा कमी असं ऐकू येऊ शकतं. म्हणजे तुम्ही कौतुकानं लिहिलंत की ही मुलगी मंद आणि कुरूप आहे. वरिष्ठांनी काढलं ते बरंच केलं. साधीला 'डाउन टू अर्थ' म्हणा, गाजावाजा न करणारीला 'अनअस्यूमिंग', मनमोकळीला 'वॉर्म' किंवा 'ईझी टू टॉक टू'.

पंधरा वर्षं शिकवतेय, मुलं अडकतात ती शब्द माहीत नसतो म्हणून नाही, तर शब्दाला लागलेली चव माहीत नसते म्हणून. आपल्याकडे नाही का, काटकसरी आणि चिकट दोघंही पैसे वाचवतात पण एकाला म्हटलं तर तो हसतो आणि दुसऱ्याला म्हटलं तर महिनाभर बोलत नाही. तेच थ्रिफ्टी आणि स्टिंजी. ठाम तो डिटरमिन्ड, हट्टी तो स्टबर्न, आणि बऱ्याचदा माणूस एकच असतो, फक्त सांगणारा बदलतो. बारीक मुलीला स्लिम म्हटलं तर आवडेल, स्किनी म्हटलं तर जपून. चौकसाला क्युरिअस, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्याला नोझी. म्हणून मी जोडीनंच शिकवते, गोड शब्द आणि त्याचा कडू भाऊ.

आणि काही फसवे असतात. सेन्सिबल म्हणजे समंजस, हळवा तो सेन्सिटिव्ह. थॉटफुल म्हणजे विचारवंत नव्हे हो, दुसऱ्याचा विचार करणारा, तुमचं काहीतरी लक्षात ठेवून न सांगता करून टाकणारा. मूडी म्हणजे आपल्याला कलंदर, लहरी वाटतो, तिकडे तो तोंड पाडून बसणारा. एका विद्यार्थ्यानं शिफारसपत्रासाठी स्वतःबद्दल 'आय ॲम अ मूडी पर्सन' लिहून आणलं होतं, मी ते वाचून वर बघितलं तर तो अगदी अभिमानानं उभा.

कोपऱ्यातला_वाचक
माझा पण एक शेअर करतो. कलीगचे वडील गेले तेव्हा मी ग्रुपवर 'हिज फादर एक्स्पायर्ड' लिहिलं होतं. नंतर एकानं खाजगीत सांगितलं की एक्स्पायर लायसन्स होतं, दूध होतं, वडील नाही. पूर्वी इंग्रजीत चालायचं म्हणे, पण आता तिकडच्या माणसाला ते तारखेच्या शिक्क्यासारखं वाटतं. 'पास्ड अवे' लिहायचं. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

प्रश्न: सावत्र भावाला स्टेपब्रदर की हाफ-ब्रदर? माझ्या बाबतीत वडील एकच, आया वेगळ्या.

शब्दांचा_हमाल
@कोपऱ्यातला_वाचक तुमचा हाफ-ब्रदर. एक पालक सामाईक असेल तर हाफ, रक्ताचं काहीच नसेल, नुसतं आईवडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे नातं जुळलं असेल तर स्टेप. मराठीत दोन्ही सावत्रच, इथे चक्क इंग्रजी जास्त नेमकी आहे. बाय द वे त्या स्टेपचा जिन्याच्या पायरीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' म्हणजे पोरका. आपल्या सावत्रमध्ये सवत बसलीये आणि त्यांच्या स्टेपमध्ये अनाथ मूल. पण घरात प्रेमानं राहणारे लोक दोन्हीकडे नुसतं ब्रदरच म्हणतात, तुम्हीही म्हणा, कुणी सर्टिफिकेट मागत नाही. सख्ख्याला 'रिअल ब्रदर' मात्र टाळा, नाहीतर बाकीचे खोटे का असं होतं.

निवांत
बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडवर पण बोला कुणीतरी. आमच्या टीममधली अमेरिकन बाई, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणाली वीकेंडला गर्लफ्रेंड्सबरोबर फिरायला जाणार आणि मी उगाच खूप पुरोगामी चेहरा करून बसलो. नंतर कळलं मैत्रिणी. आणि पार्टनर म्हणजे धंद्यातला की घरातला?

मास्तरीणबाई
@निवांत 😄 तिकडे बाईनं बाईला गर्लफ्रेंड म्हटलं तर बहुतेक वेळा नुसती मैत्रीण, पुरुषानं म्हटलं तर प्रेयसी. पार्टनर दोन्ही, बोलण्याच्या ओघातून कळतं, शंका असेल तर धंद्यातल्याला लोक 'बिझनेस पार्टनर' म्हणतात. लग्न झालंय की नाही, पुरुष की बाई, हे सांगायचं नसेल तेव्हाही पार्टनर म्हणतात, तेव्हा पुढे खोदून विचारायचं नाही. 'शी इज सीइंग समवन' म्हणजे कुणाकडे तरी बघतेय असं नाही, जमलंय कुणाशी तरी.

अडखळ ताई, खरं सांगू का, नामं आणि विशेषणं जरा बाजूला ठेवा, रोजच्या बोलण्यात नाती क्रियापदांवर चालतात. जमतं म्हणजे 'गेट ऑन' किंवा 'गेट अलाँग', बिनसलं म्हणजे 'फॉल आउट', पुन्हा गोडी झाली की 'मेक अप', सहन करणं 'पुट अप विथ', आदरानं बघणं 'लुक अप टू', मुलगी आईच्या वळणावर गेली तर 'टेक्स आफ्टर हर मदर'. या सहाच्या जोरावर कुठल्याही घरातली वर्षभराची भानगड सांगता येते.

शिकायचं कसं, तर याद्या फेकून द्या. ओळखीची पाच माणसं घ्या, प्रत्येकावर तीन वाक्यं लिहा, पण विशेषण लिहिलं की लगेच पुरावा जोडायचा. 'शी इज रिलायेबल' एवढ्यावर थांबायचं नाही, ती काय करते ते लिहा. पुरावा लिहिला की चुकीचं विशेषण आपोआप उघडं पडतं, तुम्ही त्या मुलीबद्दल लिहिलं असतं तर होमलीच्या पुढे काय पुरावा देणार होतात?

उगाच_वाद
मास्तरीणबाई पटलं. कझिन ब्रदर सोडणार नाही पण.

अडखळ_एक्सप्रेस
बाप रे, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. होमलीचं वाचून मी उशीत तोंड खुपसलं दहा मिनिटं. त्या मुलीची ओळख आता नव्याने लिहिली: 'शी इज क्वाएट, बट शी नोटिसेस थिंग्ज. ऑन हर सेकंड डे शी फाउंड अ मिस्टेक दॅट फोर ऑफ अस हॅड मिस्ड.' वरिष्ठांनी अंगठा दाखवला, एक शब्दही बदलला नाही.

पाच माणसांचा गृहपाठ पण काल सुरू केला, पहिली जाऊच घेतली. 'आय गेट ऑन विथ माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ. शी इज थॉटफुल. व्हेन आय हॅव अ कॉल, शी...' एवढं झाल्यावर तिनं खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाली, एवढं लांबलचक कशाला, माझं नाव लिही की सरळ.