टीव्हीवरचे संवाद ऐकू येत नाहीत, साउंडबार घ्यावा का?

मदत हवी आहे. नवीन टीव्ही आल्यापासून घरात रिमोटवरून रोज वाद. पात्रं कुजबुजतात म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीत असं अंगावर येतं की आई दचकते. जुन्या ठोकळ्या टीव्हीत हा त्रास नव्हता. त्याचे स्पीकर समोर तोंड करून होते, या पातळ टीव्हीचे खाली नि मागे. म्हणजे आवाज आधी भिंतीला, मग आम्हाला!

थोडं वाचल्यावर कळलं की ५.१ आवाजात (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर अशी मांडणी) संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर, म्हणजे मधल्या स्पीकरच्या वाट्याला, असतात आणि टीव्ही ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबतो. म्हणून ५.१ऐवजी स्टिरिओ, म्हणजे फक्त डावा-उजवा आवाज, निवडलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. बातम्या ठीक, चित्रपट जैसे थे.

ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिले, तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

आता साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरचा, विचार आहे. टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने साउंडबारकडे पाठवायची सोय) आहे, तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती ईएआरसी नाही. दणदणीत बास नकोच, माणसं काय बोलतात तेवढं कळलं पाहिजे. २.१ (डावा-उजवा स्पीकर आणि सबवूफर) पुरेल, की मधला वेगळा स्पीकर असलेला ३.१च घ्यावा? एआरसीमुळे कुठे अडेल का? घरात वयस्कर माणसं असलेल्यांनी नाइट मोडचा (मोठे आवाज दाबून हळू आवाज उचलणाऱ्या सेटिंगचा) अनुभवही सांगा. सबटायटल लावा असं मात्र कृपया सुचवू नका, आईचा चष्मा हा वेगळाच विषय आहे.