फंक म्हणजे फक्त जेम्स ब्राऊन? (स्ली अँड द फॅमिली स्टोन)

ढबूपैसा (धागाकर्ता)

फंकच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ठेक्यावर चालणारं नाचसंगीत) धाग्यावर 'कोथरूडचा चार्ली' यांनी काल एका दमात निकाल लावला: "फंक म्हणजे जेम्स ब्राऊन. स्ली अँड द फॅमिली स्टोन हे चार वर्षांचं नाटक, मग नशेत वाया." तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबतच गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

ब्राऊनचं ऋण नाकारतंय कोण? त्याचं 'कोल्ड स्वेट' हे गाणं १९६७ चं, मान्य. पण त्याच्या बँडमध्ये मालक एक, बाकी सगळे पगारी; वाजवताना चुकलं की दंड. स्लीने, म्हणजे बँडचा म्होरक्या स्ली स्टोनने, १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत माणसं कशी जमवली बघा. ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, आणि ती शोभेला नाही, मध्येच आरोळी ठोकून पब्लिकला उठवणारी. ड्रम्सवर ग्रेग एरिको, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, दोघे गोरे. भाऊ फ्रेडी गिटारवर, पुढे बहीण रोझ कीबोर्डवर. त्यांचं 'डान्स टू द म्युझिक' ऐका, ओळी वाटून गायल्यात आणि एकेक वाद्य पुकारा होऊन आत येतं.

आणि बेस गिटारवर लॅरी ग्रॅहम! आईबरोबर क्लबांत वाजवायचा, ड्रमर नव्हता. मग अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमचा आणि बोटाने खेचून स्नेअर ड्रमचा ठोका भरून काढायला लागला. आज गल्लोगल्ली पोरं स्लॅप वाजवतात त्याचं मूळ हे. टेम्प्टेशन्स या गायकांच्या ग्रुपचं १९६८ चं 'क्लाउड नाइन' स्लीच्या प्रभावातून आलं. जॅझ पियानोवाला हर्बी हॅनकॉक, त्याने १९७३ च्या 'हेड हंटर्स' अल्बममध्ये एका रचनेचं नावच 'स्ली' ठेवलं. जॅनेट जॅक्सनच्या १९८९ च्या 'ऱ्हिदम नेशन'मधली गिटार कुठली? स्लीच्या 'थँक यू'मधली. चार वर्षांचं नाटक म्हणे.

कोथरूडचा चार्ली

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. मानधन कुठे पाठवताय?

काळे-गोरे, बाया-पुरुष एकत्र होते हे समाजकार्य झालं. संगीताचं बोला. आणि १९७० साली ८० पैकी २६ कार्यक्रमांना हे महाशय उगवलेच नाहीत, ते सोयीस्कर गाळलंत. ब्राऊन दंड करायचा म्हणूनच त्याचा बँड वेळेवर स्टेजवर असायचा.

मंडपवाला

चार्लींना +१. उशिरा येणाऱ्या कलाकारांचं कौतुक तेच करतात ज्यांना पब्लिकसमोर उभं राहावं लागत नाही. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला एक गायक (नाव नको) दहाच्या ठोक्याला आला. दहाला माईक बंद! शिव्या साउंडवाल्याला, म्हणजे मला.

ढबूपैसा

२६ चा आकडा खराच आहे, त्याची वकिली करत नाही. पण १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात पहाटे साडेतीनला स्टेज मिळूनसुद्धा पेंगुळलेल्या पब्लिकला यांनीच उठवलं, तेही लिहा की.

तिरकीट

खरं पाप कुणीच बोलत नाहीये. १९७१ चा अल्बम 'देअर्स अ रायट गोइंग ऑन'. एरिको बँड सोडून गेला आणि स्लीने मेस्ट्रो ऱ्हिदम किंग नावाचा डबा, म्हणजे आपोआप ठेका धरणारं मशीन, लावला. त्यातल्या 'फॅमिली अफेअर'मध्ये तोच टकटक करतो आणि गाणं पहिल्या नंबरवर! इथून ड्रमरच्या पोटावर पाय आला.

मी ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदमला होतो. ढोलक, तुंबा, बोंगो, आम्ही तिघं. ऑक्टोपॅड (सगळ्या तालवाद्यांचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड) आला आणि पार्टी म्हणाली, एकाचंच पाकीट देऊ. तुंबावाला नंतर रिक्षा चालवायला लागला. तुम्ही म्हणा क्रांती.

फ्रीमाँटकर

दादा, ऑक्टोपॅड माणूसच वाजवतो हो.

आणि 'फॅमिली अफेअर' नीट ऐका. इलेक्ट्रिक पियानोवर बिली प्रेस्टन, गिटारवर बॉबी वोमॅक. डबा नुसता काल मोजतो, खेळतात बाकीचे. टेपवर पुन्हापुन्हा भरणा करून आवाज मळकट झालाय, तो मळकटपणाच मला त्या रेकॉर्डमध्ये सगळ्यात आवडतो. १९६८ च्या शेवटी आलेल्या त्यांच्याच 'एव्हरीडे पीपल'चा उत्साह तीन वर्षांत कसा आटला, ते ऐकायला येतं.

तिरकीट

माणूस एक, पॅड आठ. बाकीचे घरी. अमेरिकेत बसून मळकटपणा आवडणं परवडतं. इथे सुपारी गेली की चूल बंद!

फ्रीमाँटकर

अमेरिका काढायची गरज नव्हती. माझे वडील लग्नात सनई वाजवायचे, डीजेने त्यांचं काय केलं मला विचारा. म्हणून मी काय लाउडस्पीकर शोधणाऱ्याला शिव्या देऊ?

मंडपवाला

डीजेवाल्यांवर घसरू नका. आमचीही घरं चालतात.

ढबूपैसा

अरे, धागा स्लीचा आहे! तिरकीट, त्यांचा १९७३ चा 'फ्रेश' अल्बम काढा, पहिलंच गाणं 'इन टाइम'. तिथे डबाही चालू आहे आणि नवा ड्रमर अँडी न्यूमार्क त्याच्या आजूबाजूने असा वाजवतो की सम कुठे ते शोधत बसाल.

कोथरूडचा चार्ली

ऐकलं. वाजवणारा जबरदस्त आहे, कबूल. स्लीचं त्यात काय? ग्रॅहम १९७२ मध्ये वैतागून गेला आणि ग्रॅहम सेंट्रल स्टेशन हा स्वतःचा बँड काढला. एरिको आधीच गेलेला. ज्या बरोबरीचे गोडवे तुम्ही वर गायलेत, ती मोडली कुणी? म्हणजे बँड थोर, स्ली नाही. एवढं लिहून द्या, मी 'नाटक' शब्द मागे घेतो.

ढबूपैसा

गाणी लिहिली कुणी, प्रोड्यूस केली कुणी? लिहून वगैरे काही मिळणार नाही.

तिरकीट

'इन टाइम' तीनदा ऐकलं. न्यूमार्कचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) डब्याला टांग मारून जातो. पोरगा तयार आहे. पण म्हणजे शेवटी माणूस बोलवावाच लागला ना? पाकीट किती दिलं त्याला, ते कुठे लिहिलंय का?