काँग्रेसमनला मराठीत काय म्हणायचं?

पानसुपारी: दिवाळी अंकासाठी थॅडियस स्टीव्हन्सवर लेख लिहितोय. हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला वकील. १८१६ पासून गेटिसबर्गला, १८४२ नंतर लँकेस्टरला वकिली. १८४९ ते ५३ आणि पुन्हा १८५९ पासून १८६८ मध्ये मरेपर्यंत वॉशिंग्टनला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहावर, निवडून गेलेला. 'ते काँग्रेसमध्ये गेले' असं लिहिलं, तर संपादकबाई विचारतात, 'आधी कुठल्या पक्षात होते?' 'काँग्रेसमधले रिपब्लिकन' लिहिल्यावर तर त्यांनी फोनच केला.

सोपानदेव: खासदार लिहा आणि मोकळे व्हा.

पानसुपारी: मग सिनेटरला काय? १८६८ मध्ये प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग लावला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली, दोन-तृतीयांशाला एक कमी, आणि जॉन्सन सुटला. दोन्हीकडे 'खासदार' लिहिलं तर आरोप करणारे कोण आणि निवाडा करणारे कोण?

शुद्धमती: 'खासदार' फारसी वळणाचा. 'प्रतिनिधी' असताना उसनवारी कशाला?

सोपानदेव: ताई, आमच्या तालुक्यात प्रतिनिधी म्हणजे पेपरचा वार्ताहर. आणि 'वकील' कुठून आला? तोही काढणार का लेखातून?

नागपुरी संत्रा: 'रिपब्लिकन'चंही बघा. आमच्याकडे तो शब्द ऐकला की १९५७ चा पक्ष आणि निळा झेंडाच आठवतो. 'अमेरिकी' जोडाच. आणि स्टीव्हन्स 'रॅडिकल रिपब्लिकन' ना, त्यातल्या रॅडिकलला काय केलंत?

पानसुपारी: जहाल.

शुद्धमती: चूक. जहाल म्हणजे टिळकपंथ, मवाळांच्या विरुद्धचा. रॅडिकलच्या मुळाशी लॅटिनमधलं 'मूळ'च आहे, म्हणून मूलगामी. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना ४० एकर द्या म्हणणारा माणूस मुळालाच हात घालत होता.

सोपानदेव: 'मूलगामी' परिसंवादात शोभतं. जॉन्सनला त्याने भर सभागृहात जे सुनावलं, ते जहालच. आजी मिरचीला जहाल म्हणायची, टिळकांच्या कितीतरी आधीपासून म्हणत असणार लोक.

नागपुरी संत्रा: मिरचीवाला जहाल 'ज्वाला'वरून असावा.

अत्तरवाला: छे हो. अरबी 'जाहिल' म्हणजे अडाणी. तिथूनच.

शुद्धमती: अडाणी आणि तिखट यांचा काय संबंध?

अत्तरवाला: आमच्या गल्लीत या, दाखवतो.

नागपुरी संत्रा: एक विचारू? हाच स्टीव्हन्स १८२१ मध्ये गुलामांच्या मालकाकडून लढला होता ना? चॅरिटी बटलर नावाच्या बाईने स्वातंत्र्य मागितलं, तो जिंकला आणि ती गुलामच राहिली. तेव्हा जहाल की मवाळ?

पानसुपारी: आहे लेखात. पुढे १८५१ मध्ये पळालेल्या गुलामांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कास्टनर हॅनवेवर देशद्रोहाचा खटला झाला, त्याच्या बचावाला हाच. तोही सुटला. पण मंडळी, काँग्रेसमन!

सोपानदेव: खासदार.

शुद्धमती: प्रतिनिधी.

पानसुपारी: बरं, निदान एवढं सांगा. यादवी युद्धात तो 'वेज अँड मीन्स' समितीचा, म्हणजे सरकारच्या पैशाची सोय बघणाऱ्या समितीचा, अध्यक्ष होता, १८६२ चा कागदी नोटांचा कायदा तिथूनच आला. तिला काय म्हणू?

अत्तरवाला: अर्थोपाय समिती. रिझर्व्ह बँकवाले 'अर्थोपाय अग्रिम' लिहितात.

सोपानदेव: म्हणजे उचल? सरकारी उचलीला एवढा भारदस्त शब्द?

शुद्धमती: 'उचल' हाही संदिग्धच शब्द आहे. त्यावर वेगळा धागा काढते.